रिचमंडची फेलोशिप आणि तिच्या भत्त्याचा वाद : पार्श्वभूमी

बंदुकीचा हिंसाचार शहर प्रशासनाने कसा रोखावा, ही चर्चा अमेरिकेत निघाली की कॅलिफोर्नियातील रिचमंडचे नाव हमखास येते. या शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आत आहे. त्याची ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्यात करून दिली जाते : गोळ्या झाडू नयेत म्हणून तरुणांना पैसे देणारे शहर. या वाक्यात तथ्याचा अंश आहे, पण प्रत्यक्षात जे घडले त्यातील फारच थोडे त्यात येते. म्हणून गोळीबारात गुंतलेल्या तरुणांसाठीच्या ज्या फेलोशिपमधून ते पैसे दिले गेले, तिच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील अनेक मराठी कुटुंबे फ्रिमाँट आणि मिलपिटास परिसरात राहतात. तेथून जाणाऱ्या बार्ट या स्थानिक रेल्वेच्या नारिंगी मार्गाचे उत्तरेकडील शेवटचे स्थानक म्हणजे रिचमंड. या स्थानकाला लागून असलेली वस्ती तिन्ही बाजूंनी लोहमार्गांनी वेढलेली आहे, आणि त्यामुळेच तिला ‘आयर्न ट्रँगल’ म्हणजे लोखंडी त्रिकोण हे नाव पडले. पुढे ज्या हिंसाचाराचा उल्लेख येतो, त्याचा मोठा भाग या त्रिकोणात आणि शहराच्या उत्तर व दक्षिण टोकांकडील वस्त्यांत घडला. एका वस्तीतील मुलाने रूळ ओलांडून दुसऱ्या वस्तीत जाणे म्हणजे जिवावर उदार होणे, अशी तेथील परिस्थिती होती.

या वस्त्यांचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४० मध्ये रिचमंडची लोकसंख्या सुमारे २४ हजार होती. युद्धकाळात येथील चार गोद्यांनी ७४७ जहाजे बांधली आणि दहा वर्षांत लोकसंख्या एक लाखाच्या घरात गेली. टेक्सास, लुईझियाना, आर्कान्सा येथून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे युद्ध संपल्यावर येथेच राहिली, पण गोद्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी तेवढे काम पुन्हा कधी आले नाही. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी कोकेनच्या धंद्याबरोबर बंदुका आल्या, आणि १९९१ मध्ये शहरात ६२ खून झाले. पुढची काही वर्षे आकडा उतरला, मग पुन्हा चढू लागला.

२००५ पर्यंत परिस्थिती अशी झाली की शहरात आणीबाणी जाहीर करावी, अशी मागणी नगर परिषदेतच झाली. पुढच्या वर्षी रहिवाशांनी खून झालेल्या जागांजवळ तंबू ठोकले आणि काही आठवडे रात्री तेथेच काढल्या. ज्या कोपऱ्यावर अंधार पडल्यावर कोणी थांबत नसे, तेथे आया, आज्या आणि धर्मोपदेशक घड्या घालायच्या खुर्च्या टाकून बसले. शहराच्या पुढील धोरणाचा उगम शोधायचा तर तो कोणत्याही अहवालाआधी या तंबूंमध्ये शोधावा लागेल, असे माझे मत आहे. २००७ मध्ये खुनांची संख्या ४७ होती. लाखभर वस्तीच्या गावात हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या सुमारे आठपट भरते.

अमेरिकेत शहराचे पोलीस हे शहर प्रशासनाचेच एक खाते असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे महापालिकेचा पोलिसांशी अर्थसंकल्पाचा संबंध नसतो. तेथे मात्र पोलिसांचा पगार, उद्याने आणि वाचनालये एकाच थैलीतून चालतात, आणि म्हणून सुरक्षेसाठी पोलिसांबाहेरचे काही उभारायचे म्हटले की पैशाचा वाद अटळ ठरतो. २००६ मध्ये आलेल्या नव्या पोलीसप्रमुखांनी शिपायांना ठरावीक विभाग कायमचे नेमून दिले आणि रहिवाशांशी ओळख ठेवणे हा त्यांच्या कामाच्या मूल्यमापनाचा भाग केला. त्याच सुमारास शहराने एका सल्लागाराला पाचारण केले. त्याने शिफारस केली की बंदुकीच्या हिंसाचारासाठी स्वतंत्र, पोलिसांच्या अधिकाराबाहेरचे कार्यालय असावे. २००७ च्या अखेरीस ते स्थापन झाले. ते थेट शहर व्यवस्थापकाच्या, म्हणजे आपल्या आयुक्तासारख्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत ठेवण्यात आले आणि शिफारस करणाऱ्या सल्लागारालाच त्याचे संचालकपद देण्यात आले.

या कार्यालयाने नेमलेले क्षेत्रीय कार्यकर्ते शहराचे पगारी कर्मचारी होते. त्यांतील बहुतेकांनी स्वतः तुरुंगवास भोगलेला होता, काहींनी बंदुकीच्याच गुन्ह्यासाठी. ज्या कोपऱ्यावर परका माणूस उभा राहू शकत नाही, तेथे हे लोक रोज जात. कोणाच्या भावाला गोळी लागली की रुग्णालयात पोचत आणि सूड घेण्याची भाषा सुरू झालेल्या घरी त्याच रात्री बसून राहत. या कामाला नियम एकच होता, पण तो कठोर होता : येथे ऐकलेले पोलिसांकडे जाणार नाही. पोलिसांकडून माहिती घेतली जाई, पोलिसांना दिली जात नसे. हा नियम पुढे फार टोचला.

२००८ मध्ये खून बरेच घटले, पण २००९ मध्ये आकडा पुन्हा पंचेचाळीसच्या आसपास गेला. त्या वेळी पोलिसांच्या अंदाजानुसार शहरातील सुमारे ७० टक्के गोळीबारामागे केवळ २८ जण होते. हा अंदाज कळल्यावर संचालकांनी आपल्या कामाची दिशा बदलली. सर्व तरुणांसाठी काहीतरी करण्याऐवजी याच थोड्यांच्या मागे लागायचे, असे ठरले. २०१० मध्ये पंचवीस जणांना नगरभवनात बोलावण्यात आले आणि त्यांपैकी एकवीस जण आले. ज्या इमारतीत त्यांचे नाव आरोपी म्हणूनच घेतले गेले असते, तेथे त्यांना पाहुण्यासारखे बसवण्यात आले, शहर तुमच्यापर्यंत पोचायला कमी पडले असे सांगण्यात आले, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक हजार डॉलरचे पाकीट ठेवण्यात आले. फेलोशिपची सुरुवात अशी झाली.

ती अठरा महिन्यांची होती. प्रत्येक फेलोने कार्यकर्त्याबरोबर बसून आपला ‘जीवननकाशा’ आखायचा : राहायला सुरक्षित जागा, शाळेची राहिलेली परीक्षा, वाहन परवाना, रागावर ताबा, नोकरी. पहिले सहा महिने नियमित सहभाग दिसला की पुढचे नऊ महिने दरमहा ३०० ते १,००० डॉलरपर्यंत भत्ता मिळू शकत असे, आणि त्याचा आकडा नकाशातील प्रगतीवर अवलंबून असे. परगावी वा परदेशी प्रवासाचीही सोय होती, पण तिला एक अट होती. राज्याबाहेर जायचे तर विरोधी वस्तीतल्या फेलोबरोबर जायचे. ज्याच्यावर बंदूक रोखली असती त्याच्या शेजारच्या आसनावर बसून विमानाचा प्रवास करायचा, ही अट कोणाला सुचली असेल त्याने या मुलांना खरोखर ओळखले होते.

आता भत्त्याविषयी. मूळ इंग्रजी शब्द ‘स्टायपेंड’ असा आहे आणि सगळा वाद या एका शब्दाच्या अर्थात अडकलेला आहे. विरोधकांनी त्याचे भाषांतर कधी ‘लाच’ असे केले, तर कधी ‘खंडणी’. त्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे : त्याच रस्त्यावर राहणारा, कधीही बंदूक हाती न घेतलेला मुलगा किराणा दुकानात काम करतो, त्याला शहर काय देते? मराठीत हा शब्द आणायचा तर आपल्यापुढेही चार पर्याय उभे राहतात आणि प्रत्येक पर्याय वेगळा निवाडा देऊन जातो. ‘बक्षीस’ म्हटले तर काही पराक्रम झाल्यासारखे वाटते. ‘मानधन’ म्हटले तर कामाचा पूर्ण मोबदला नाकारल्याचा अर्थ त्यात येतो, आणि आशा सेविकांनी या शब्दाशी किती वर्षे झगडा केला हे आपण जाणतो. गडचिरोलीत २००५ पासून राबवल्या जाणाऱ्या आत्मसमर्पण योजनेचे पैसे आठवले, तर शस्त्र खाली ठेवून पोलिसांसमोर उभे राहण्याचे चित्र मनात येते. रिचमंडमध्ये ना शरणागती होती, ना कबुली, ना पोलीस. बंदूक आणून द्या असेही कोणी सांगितले नव्हते. मला सर्वांत जवळचा शब्द ‘विद्यावेतन’ वाटतो, कारण शिकाऊ डॉक्टरला किंवा कारखान्यातील उमेदवाराला ते ज्या कारणासाठी मिळते, तेच कारण येथे होते : शिकण्याच्या काळात पोटासाठी दुसरीकडे जावे लागू नये. गोळी झाडली नाही म्हणून पैसे, असा हिशेब कार्यक्रमाच्या कोणत्याही नियमात नव्हता.

दुसरा गुंता पैशाच्या स्रोताचा. कार्यकर्त्यांचे पगार आणि कार्यालयाचा खर्च शहराच्या तिजोरीतून होत असे. भत्ता आणि प्रवास यांच्यासाठी मात्र खासगी देणग्या गोळा केल्या जात. करदात्याचा पैसा गुन्हेगारांच्या खिशात जातो, हा सर्वाधिक छापला गेलेला आक्षेप म्हणून वस्तुस्थितीला धरून नव्हता. तरीही कार्यालयच शहराचे असताना खासगी पैशाची ही रेषा कितपत खरी मानायची, असा प्रतिप्रश्न परिषदेत विचारला गेला आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये या कार्यालयात, म्हणजे नगरभवनातच, विरोधी वस्त्यांतील तरुणांची हाणामारी झाली. कर्मचारी पोलिसांना तपासात सहकार्य करत नाहीत, असा आरोप झाला. पोलिसांना माहिती न देण्याचा नियम तेव्हा प्रथमच जाहीरपणे कसाला लागला. नियम मोडला असता तर दुसऱ्या दिवशी एकही तरुण कार्यकर्त्यांशी बोलला नसता. नियम पाळल्यामुळे शहराचेच एक खाते शहराच्या दुसऱ्या खात्याला उत्तर देत नाही, असे दृश्य निर्माण झाले. कार्यालय टिकले, पण दोन्ही खात्यांतील अविश्वास नंतरही बराच काळ जाणवत राहिला.

याच काळात पोलीस, चर्च आणि रहिवासी मिळून दुसरा एक उपक्रम चालवत होते. बॉस्टनमध्ये १९९६ मध्ये रूढ झालेल्या पद्धतीनुसार टोळ्यांतील लोकांना समोर बसवायचे, मदत देऊ करायची आणि पुढे गोळीबार झाला तर संपूर्ण टोळीवर कारवाई होईल असे बजावायचे, असे त्याचे स्वरूप होते. फेलोशिपमध्ये हे बजावणे नव्हते. बाहेरचे लोक दोन्हींची सरमिसळ करतात, आणि शहराला मिळालेल्या यशाचे श्रेय वाटताना ही सरमिसळ अडचणीची ठरते. शिवाय २००७ पासून शहर बांधकामाचे आणि घरांवर सौरपट्ट्या बसवण्याचे प्रशिक्षणही देत होते.

२०१४ मध्ये खुनांची संख्या ११ वर आली. कित्येक दशकांतील हा नीचांक होता आणि देशभरचे पत्रकार रिचमंडला येऊ लागले. २०१५ मध्ये खुनांची संख्या २१ झाली आणि त्या पत्रकारांपैकी काहींनी प्रयोग फसल्याचेही लिहिले. एका वर्षाच्या आकड्यावर दोन्ही बाजूंनी इतके ओझे टाकायला नको होते.

अधिक भरवशाचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९६ ते २०१६ या काळातील आकडे घेऊन, फेलोशिप नसती तर रिचमंडमध्ये काय झाले असते, याचा अंदाज इतर ठिकाणांच्या मिश्रणातून बांधण्यात आला. त्या अंदाजाच्या तुलनेत बंदुकीने झालेले मृत्यू व रुग्णालयातील नोंदी वर्षाला ५५ टक्क्यांनी आणि बंदुकीचे गुन्हे ४३ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच अभ्यासात बंदुकीविना झालेल्या हिंसाचारातील मृत्यू व रुग्णालयातील नोंदी १६ टक्क्यांनी आणि असे गुन्हे ३ टक्क्यांनी वाढलेले दिसले. हा दुसरा भाग समर्थक बहुधा वगळतात. तो वगळू नये, कारण भांडणे मिटली नाहीत, पण त्यांतून मरणारे कमी झाले, ही शक्यता त्यातूनच पुढे येते.

मूळ संचालकांनी २०१६ मध्ये शहराची नोकरी सोडली आणि हीच पद्धत इतर शहरांत नेणारी संस्था काढली. सॅक्रमेंटोच्या नगर परिषदेने २०१७ च्या ऑगस्टमध्ये, एका उद्यानातील गोळीबारानंतर काही दिवसांतच, १५ लाख डॉलर मंजूर केले. स्टॉकटनने पुढच्या वर्षी ही पद्धत स्वीकारली. फ्रेस्नोमध्ये मात्र २०१९ मध्ये परिषदेने ठेवलेले दोन लाख डॉलर महापौरांनी नकाराधिकार वापरून काढून टाकले. तेथील वाद रिचमंडमध्ये नऊ वर्षांपूर्वी झालेल्या वादासारखाच होता आणि भत्ता हाच त्याच्या केंद्रस्थानी होता.

२०२० मध्ये मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाल्यानंतर रिचमंडने सार्वजनिक सुरक्षेचा फेरविचार करण्यासाठी नागरिकांचे कार्यदल नेमले. २०२१ च्या जूनमध्ये परिषदेने पोलिसांच्या अर्थसंकल्पातून काही रक्कम वळवून युवकांना काम, बेघरांना सेवा आणि हिंसाचार प्रतिबंधाचे हे कार्यालय यांना दिली. पोलीस संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. अन्यत्र पोलिसांबाहेरची व्यवस्था शून्यातून उभी करावी लागत होती. रिचमंडमध्ये ती चौदा वर्षे चालत आलेली होती, आणि परिषदेपुढे वाद होता तो तिला किती द्यावे याचा. २०२३ मध्ये शहरात ८ खून झाले आणि २०२४ मध्ये ११.

या कामांसाठी लागणारा पैसा आता शहराबाहेरूनही येतो. केंद्र सरकारने २०२२ च्या कायद्याने समाजाधारित हिंसाचार प्रतिबंधासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठेवले होते, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय न्याय विभागाने अशा कामांची अनेक अनुदाने मुदतीआधीच रद्द केली. कॅलिफोर्नियाने त्याआधी वेगळी वाट धरली होती. १ जुलै २०२४ पासून राज्यात बंदुका आणि काडतुसे विकणाऱ्यांवर ११ टक्के कर लागू झाला, आणि त्यातून जमा होणाऱ्या रकमेतील पहिले साडेसात कोटी डॉलर दरवर्षी शहरांच्या हिंसाचार प्रतिबंधक कार्यक्रमांना मिळावेत, अशी तरतूद कायद्यात आहे. बंदूक विक्रेते आणि त्यांच्या संघटना या कराविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत.