ढालीवरची उन्हाची तिरीप : भाडोत्री तलवारबाजांच्या टोळीमागचा इतिहास

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन मुलखातल्या रूढींचा एक कायदेग्रंथ तयार झाला, ‘झाक्सेनश्पीगेल’. कोणाला इजा झाली तर त्याला काय भरपाई द्यायची, हे त्यात ज्याच्या-त्याच्या दर्जाप्रमाणे ठरवून दिले आहे. सरदारापासून सुरू झालेली ही उतरंड तळाकडे जाताना भाडोत्री लढवय्यापाशी येते. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने न्यायालयाच्या रिंगणात द्वंद्व लढणारा हा माणूस. त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना भरपाई काय? तर उन्हात धरलेल्या ढालीवरची तिरीप. फिरत्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना माणसाची सावली आणि याला ढालीची चमक. त्याला कोणी मारले-झोडले, तर ती चमक डोळे भरून पाहायची आणि घरी जायचे.

फँटसी कथांत आणि खेळांत पैशासाठी तलवार चालवणाऱ्यांच्या टोळ्या आता सर्रास भेटतात. त्यांच्यातला एक भर चौकात आव्हान देऊन द्वंद्व लढतो, दुसरा रात्री खिडकीतून आत शिरतो, आणि दोघेही एकाच म्होरक्याच्या हाताखाली, एकाच निशाणाखाली काम करतात. हे चित्र इतके सवयीचे झाले आहे की ते जुन्या काळातून जसेच्या तसे उचलले असावे, असे वाटते. तसे ते नाही. द्वंद्व लढणारा आपल्या नावावर जगायचा, मारेकरी निनावी राहण्यावर आणि भाडोत्री फौज करारावर. हे तीन वेगळे धंदे होते, आणि शतकानुशतके वेगळेच राहिले. ते एकत्र कुठे आले आणि कसे आले, ही गोष्ट मला त्या टोळ्यांच्या कथांपेक्षाही रंजक वाटते.

आधी द्वंद्व. साक्षीदार नाही, पुरावा नाही, आणि दोन्ही पक्ष शपथेवर ठाम आहेत, अशा वेळी मध्ययुगीन युरोपातली न्यायालये दोघांना लढायला सांगत. खऱ्याच्या बाजूने देव उभा राहील, हा त्यामागचा विश्वास. आपल्याकडच्या भाषेत, हे एक दिव्यच. पण स्त्रिया, म्हातारे, धर्मगुरू यांनी कसे लढायचे? त्यांना बदली लढवय्या देण्याची मुभा मिळाली आणि तिथेच धंद्याला तोंड फुटले. जमिनींचे वाद सतत चालू असलेले मठ असे लढवय्ये पदरी बाळगू लागले. मग प्रश्न आला फितुरीचा. लढवय्याने समोरच्याकडून जास्त पैसे घेऊन मुद्दाम हार पत्करली तर? फ्रान्समधल्या बोव्हेझी प्रांताच्या १२८३ सालच्या कायदेसंग्रहात यावर उत्तर आहे : हरलेल्या भाडोत्री लढवय्याचा हात तोडायचा. त्यामागचे कारणही तिथे दिले आहे, ते हेच, की पैसे खाऊन हरण्याचा मोह त्याला होऊ नये.

मानी उमराव मात्र स्वतःच लढत. २९ डिसेंबर १३८६ रोजी पॅरिसमध्ये झां द कारूज आणि झाक ल ग्री या दोघांमध्ये जे द्वंद्व झाले, त्यात ल ग्री मारला गेला. पॅरिसच्या उच्च न्यायालयाच्या परवानगीने झालेले हे अखेरचे न्यायालयीन द्वंद्व मानतात. इंग्लंडने हा नियम फारच जपून ठेवला होता. १८१७ मध्ये खुनाच्या आरोपातल्या अब्राहम थॉर्नटनने भर न्यायालयात हातमोजा फेकून द्वंद्वाचा हक्क मागितला. फिर्यादी लढायला तयार नव्हता, त्यामुळे १८१८ मध्ये थॉर्नटन सुटला. पुढच्याच वर्षी संसदेने तो कायदा रद्द केला.

आता फौजा. मला सगळ्यात जास्त रस इथे आहे, कारण चांगल्या काल्पनिक टोळीचा कणा मला इथेच सापडतो.

१३६० मध्ये ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड-फ्रान्समधले युद्ध काही वर्षांसाठी थांबले आणि हजारो सैनिक एका दिवसात बेकार झाले. लढण्यापलीकडे दुसरे काही येत नसलेल्या या माणसांनी स्वतःच्या टोळ्या बांधल्या. काही फ्रान्समध्ये लुटालूट करत राहिल्या, काही आल्प्स ओलांडून इटलीत उतरल्या. त्यांतल्या ‘श्वेत पथका’चा नायक पुढे जॉन हॉकवुड हा इंग्लंडमधल्या एसेक्सचा माणूस झाला. तो आधी पिसाकडून लढला आणि नंतर बरीच वर्षे त्याच पिसाच्या वैऱ्याकडून, म्हणजे फ्लोरेन्सकडून. १३७७ मध्ये चेझेना शहरात झालेल्या कत्तलीत त्याचे लोक होते. तरीही १३९४ मध्ये तो वारला तेव्हा फ्लोरेन्सने त्याला मोठ्या इतमामाने निरोप दिला. तिथल्या मुख्य चर्चच्या भिंतीवर पाओलो उच्चेल्लोने १४३६ मध्ये रंगवलेला घोड्यावरचा हॉकवुड आजही पाहायला मिळतो.

अशा नायकांना इटलीत ‘कोन्दोत्तिएरे’ म्हणत. हा शब्द ‘कोन्दोत्ता’वरून आला, आणि कोन्दोत्ता म्हणजे करार. नुसता तोंडी शब्द नव्हे. किती भाले आणायचे, हे त्यात लिहिलेले असे. इथे ‘भाला’ हे मोजमाप आहे : श्वेत पथकात एक चिलखती स्वार, त्याचा साथीदार आणि एक पोऱ्या मिळून एक भाला होई. नोकरीची एक पक्की मुदत असे, आणि तिच्यापुढे एक राखीव मुदत, जी वाढवायची की नाही हे मालकाने ठरवायचे. आगाऊ रक्कम किती, पकडलेल्या कैद्यांची खंडणी कोणाची, लढाईत घोडा मेला तर भरपाई किती, सगळे कलमवार. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना घोड्याच्या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हजेरीच्या वेळी सरकारी कारकून प्रत्येक घोड्याचा रंग, कपाळावरचा ठिपका, जुनी खूण, किंमत असे सगळे वहीत टिपून घेत. कारण मरतुकडे तट्टू दाखवून उमद्या घोड्याचे पैसे उकळण्याची युक्ती त्यांना पाठ होती.

करार मोडला की काय होई, हेही पाहण्यासारखे आहे. कार्मान्योला हा व्हेनिसच्या नोकरीतला मोठा सेनानी. तो मनापासून लढत नाही, जुन्या धन्याशी, मिलानच्या ड्यूकशी, त्याचे आतून संधान आहे, असा संशय व्हेनिसला आला. सल्लामसलतीच्या निमित्ताने त्याला शहरात बोलावले, पकडले आणि मे १४३२ मध्ये त्याचे डोके उडवले. उलट बाजू कातालान पथकाची. १३०२ मध्ये सिसिलीतले युद्ध संपल्यावर बेकार झालेले हे लोक बायझंटाइन सम्राटाने पदरी ठेवले. १३०५ मध्ये त्यांचा नायक रोजर द फ्लोर एड्रियानोपलला राजपुत्राचा पाहुणा म्हणून गेला आणि तिथेच त्याचा खून झाला. टोळी मोडेल, असा मारणाऱ्यांचा हिशेब असावा. ती मोडली नाही. तिने थ्रेस प्रांत जाळत नेला. पुढे अथेन्सच्या ड्यूकने तिला कामावर ठेवले आणि काम झाल्यावर थकलेला पगार न देताच बहुतेकांना वाटेला लावू पाहिले. १३११ मध्ये त्यांनी त्या ड्यूकला रणांगणात मारले आणि त्याचे राज्यच घेतले. पुढची सुमारे पाऊणशे वर्षे अथेन्स कातालानांकडे होते.

मारेकऱ्यांचा इतिहास याहून जुना, आणि गैरसमजांनी भरलेला. अनेक युरोपीय भाषांत मारेकऱ्याला जो शब्द आहे (इंग्रजीत ‘असॅसिन’), तो अलमूतच्या निझारी इस्माइली या शिया मुस्लिम पंथावरून आला. हसन सब्बाहने १०९० मध्ये इराणच्या डोंगरातला अलमूत किल्ला घेतला. १०९२ मध्ये सेल्जुक या तुर्की राजघराण्याचा वजीर निजाम-उल-मुल्क सुफी फकिराच्या वेशात आलेल्या माणसाच्या खंजिराला बळी पडला. ११९२ मध्ये टायर शहरात क्रुसेडमधला ख्रिस्ती नेता मोंफेराचा कॉनरॅड मारला गेला, तेव्हा मारेकरी संन्याशांच्या वेशात होते. वेशांतर असे, पण वार बहुधा दिवसाढवळ्या, लोकांसमोर, खंजिरानेच. विष नाही, बाण नाही. मारणारा जिवंत परत येण्याची अपेक्षाही धरत नसे. ही सुपारी नव्हती. संख्येने थोडा असलेला एक पंथ बलाढ्य सत्तेशी असा लढत होता. नशेच्या आणि स्वर्गासारख्या बागेच्या ज्या कथा मार्को पोलोच्या वर्णनातून जगभर पसरल्या, त्या आजचे अभ्यासक दंतकथा मानतात. १२५६ मध्ये हुलागूच्या मोंगलांनी अलमूत घेतला आणि तिथल्या ग्रंथालयाचा मोठा भाग जाळला गेला. पंथाची स्वतःची बाजू राखेत गेली आणि शत्रूंनी सांगितलेली गोष्ट उरली. याची मला नेहमी हळहळ वाटते.

पैशासाठी मारणारे होतेच. पहिल्या शतकात रोमच्या ताब्यातल्या यहुदियात, म्हणजे ज्यूंच्या मुलखात, वस्त्राखाली आखूड वाकडी कट्यार लपवून सणाच्या गर्दीत खून करणारे ‘सिकारी’ होते. तेही मुळात रोमविरोधी बंडखोर. पण खुद्द रोमन सुभेदार फेलिक्सने त्यांच्याच हातून प्रमुख पुरोहित योनाथानचा काटा काढवला, असे इतिहासकार जोसेफस लिहितो.

या माणसांची सर्वांत नेमकी व्याख्या मात्र मला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडली. हेरांचे प्रकार सांगताना तो ‘तीक्ष्ण’ आणि ‘रसद’ असे दोन मारेकरी वेगळे काढतो. तीक्ष्ण म्हणजे जिवावर उदार झालेला, द्रव्यासाठी हत्तीशी किंवा हिंस्र श्वापदाशीही झुंजणारा शूर. रसद म्हणजे विष घालणारा. नातलगांविषयी माया नसलेला, क्रूर आणि आळशी. तो ‘आळशी’ शब्द वाचून मी थबकलो. शस्त्राने मारायला कष्ट आणि छाती लागते, विष कालवायला त्यातले काही लागत नाही. एका शब्दात स्वभाव उभा केला आहे. इथेही तलवारीचा माणूस आणि विषाचा माणूस वेगळे आहेत.

मग हे धंदे एकत्र आले कुठे? माझ्या मते सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इटलीत, ‘ब्रावी’ म्हणवणाऱ्या गुंडांमध्ये. लांब, निमुळती रेपियर तलवार आता गावात हिंडतानाही कमरेला दिसू लागली होती. मानापमानाच्या द्वंद्वांचे नियम पुस्तकांतून छापले जात होते. छोटे-मोठे उमराव आपापल्या वाड्यांवर सशस्त्र माणसे पाळत. ही माणसे धन्यासाठी उघड भांडणेही करत आणि अंधाऱ्या बोळात दबा धरूनही बसत. लोंबार्डीच्या स्पॅनिश सुभेदारांनी १५८३ पासून त्यांच्याविरुद्ध एकामागून एक फर्माने काढली. तीच ती फर्माने पुन्हा-पुन्हा काढावी लागली, यावरून त्यांचा किती उपयोग झाला हे कळते. काही फर्मानांत चक्क कपाळावर लांब झुलपे ठेवायला बंदी आहे. ब्रावी ती झुलपे वाढवत आणि काम करायच्या वेळी चेहऱ्यावर ओढून घेत, म्हणजे ओळख पटत नसे. एरवी नावाने मिरवायचे आणि वेळ आली की निनावी व्हायचे. एकाच डोक्यावरच्या केसांत दोन्ही धंदे होते.

त्यांच्यातल्या एकाची जबानी आपल्याकडे आहे. लोरेंझिनो द मेदिचीने १५३७ मध्ये आपला नातलग, फ्लोरेन्सचा ड्यूक आलेस्सांद्रो, याचा खून केला आणि तो पळाला. अकरा वर्षांनी व्हेनिसमध्ये, सान पोलोच्या चर्चमधून बाहेर पडताना दोन भाडोत्री माणसांनी त्याला गाठून ठार केले. त्यांतल्या बिब्बोनीने पाळत कशी ठेवली, वार कसे केले आणि नंतर सम्राट पाचव्या चार्ल्सच्या वकिलाच्या घरी आसरा कसा मिळाला, हे सगळे सांगून ठेवले आहे. त्यात पश्चात्तापाचा सूर नाही. एखादा कसबी कारागीर अवघड काम पार पडल्यावर बोलेल, तसा तो बोलतो.

पुढे राजसत्ता बळकट झाल्या आणि तलवारीचा खासगी धंदा आटला. फ्रान्समध्ये राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने १६२६ मध्ये द्वंद्वबंदीचा कडक हुकूम काढला. पुढच्याच वर्षी बुतव्हिलच्या सरदाराने पॅरिसच्या भर चौकात, भर दिवसा द्वंद्व लढून तो मोडला. त्याचा शिरच्छेद झाला.

विसाव्या शतकातल्या अमेरिकी स्वस्त मासिकांतल्या साहसकथांनी हे सगळे तुकडे एका काल्पनिक शहरात आणून ठेवले आणि टेबलावरच्या खेळांनी त्यांना नियम दिले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये आला; त्यात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात. १९७५ च्या पुरवणीत मारेकरी हा पात्रवर्ग, म्हणजे पात्राने निवडायचा पेशा, आला. १९७८ च्या पुस्तकात या वर्गाला संघ मिळाला आणि वरच्या दोन पायऱ्यांसाठी एक विलक्षण अट मिळाली : गादीवर बसलेल्या संघप्रमुखाला द्वंद्वात हरवा किंवा दगा देऊन मारा, मग ती जागा तुमची. सर्वोच्च पद होते ‘मारेकऱ्यांचा आजोबा’. दंतकथांत अलमूतच्या प्रमुखाला ‘पर्वतातला म्हातारा’ म्हणत, त्याची सावली तिथे स्पष्ट दिसते. १९८९ च्या आवृत्तीतून हा वर्ग वगळला गेला. २००० मध्ये तो परतला, तेव्हा प्रवेशाची अट अशी होती की केवळ प्रवेश मिळावा म्हणून, दुसरे कुठलेही कारण नसताना, एकाचा जीव घ्यायचा. २००३ च्या सुधारित पुस्तकात मारेकरी आणि द्वंद्ववीर एकाच यादीत, काही पानांच्या अंतरावर आले.

या नियमपुस्तकांत खंजिराच्या वाराला आकडे आहेत, विषाला आहेत, लपण्याला आहेत. करारपत्र मात्र क्वचितच सापडते. म्हणून मी खेळ चालवताना अशी टोळी आणली, की पहिले पात्र हिशेबनिसाचे लिहितो. त्याचा नमुना खराखुरा आहे. कातालान पथकात रामोन मुन्तानेर नावाचा माणूस होता. पथकाची दप्तरे तो सांभाळायचा, कोणाचे किती येणे, कोणाला किती शिधा आणि लुटीतला किती वाटा, हे त्याच्याकडे लिहिलेले असे. त्याने लिहून ठेवलेल्या बखरीमुळेच आपल्याला त्या पथकाची इतकी आतली माहिती आहे. नायकाच्या खुनानंतर या लोकांनी स्वतःची मोहोर कोरून घेतली, तिच्यावर संत जॉर्जची आकृती होती. ती मोहोरही मुन्तानेरच्याच ताब्यात असे.