नमुने 160, म्हशी 40, गोठे 4

इंदूरच्या आसपास, सांवेर किंवा महूकडच्या गोठ्यांतून सुप्त कासदाहाच्या (बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या कासेच्या रोगाच्या) नोंदी हाती आल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: संख्याशास्त्रातली चाचणी कोणती लावायची? या चाचण्यांचा उगम पशुवैद्यकाबाहेरचा आहे. प्रत्यक्ष संख्या आणि फरक नसता तर अपेक्षित असलेल्या संख्या यांतले अंतर मोजणारे काय-स्क्वेअर 1900 चे. सरासऱ्या ताडणारी टी-टेस्ट 1908 ची, डब्लिनच्या बिअर कारखान्यातल्या कामातून आलेली. मापांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणाऱ्या काही प्रमुख चाचण्या 1945 ते 1947 मधल्या. एकाच जनावराची उपचाराआधीची आणि नंतरची हो-नाही नोंद पडताळणारी मॅकनेमार 1947 ची. पशुरोगांच्या साथशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद रेडिंगला भरली ती थेट 1976 मध्ये. तोवर ही सगळी अवजारे तयार होती, पण कळपासाठी घडवलेली नव्हती.

सर्वांत जास्त वाद झाला तो ‘5’ या आकड्यावर: तक्त्यातली संख्या 5 पेक्षा लहान असेल तर काय-स्क्वेअर लावू नये, असा नियम सांगितला जातो. समजा, 20 म्हशींचे सड दूध काढल्यावर औषधात बुडवले आणि त्यांत 2 बाधित निघाल्या. न बुडवलेल्या 20 मध्ये 8. तक्त्यात 2 दिसताच अनेक जण काय-स्क्वेअर सोडून देतात. ही चूक आहे. अट प्रत्यक्ष संख्येवर नसून अपेक्षित संख्येवर (औषधाने फरक पडत नसता तर त्या रकान्यात जी आली असती तिच्यावर) आहे, आणि इथे सर्वांत लहान अपेक्षित संख्या 20×10÷40, म्हणजे बरोबर 5 येते. 1954 च्या मार्गदर्शनानुसार एकूण जनावरे 20 पेक्षा कमी असतील, किंवा 20 ते 40 असून अपेक्षित संख्या 5 च्या खाली असेल, तर फिशरची अचूक चाचणी, म्हणजे शक्य असलेले सगळे तक्ते मोजून थेट शक्यता काढणारी. त्यापुढे 1934 ची दुरुस्ती (काय-स्क्वेअरचे उत्तर थोडे घटवणारी) लावून काय-स्क्वेअर. आता उत्तरे पाहा. दुरुस्तीविना काय-स्क्वेअर 4.8, पी-मूल्य (औषधाचा परिणाम नसताना निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.028. दुरुस्तीसह 3.33, पी-मूल्य 0.068. फिशर 0.065. एकाच तक्त्यातून 0.05 या प्रचलित सीमेच्या दोन्ही बाजूंची उत्तरे निघतात. म्हणून कोणती चाचणी लावणार हे दूध तपासण्याआधीच लिहून ठेवायला हवे. दुरुस्ती आली ती फॅक्टोरियलची गणिते हाताने करावी लागत त्या काळात. आज फिशर कोणत्याही संगणकावर क्षणात निघते, त्यामुळे दुरुस्तीला चिकटून राहण्याचे कारण उरलेले नाही.

पण या वादात खरी गफलत झाकली गेली, आणि ती आपल्याच एका शब्दात आहे: नमुना. प्रयोगशाळेत नमुना म्हणजे दुधाची एक कुपी. संख्याशास्त्रात नमुना म्हणजे निवडलेला सगळा गट. प्रत्येक सडाची वेगळी कुपी घेतली तर 40 म्हशींचे 160 ‘नमुने’ होतात, आणि अहवालात 160 हाच आकडा जातो. तेच प्रमाण 160 वर मोजले की 4.8 चे 19.2 होते, नवी एकही म्हैस न तपासता. एका कासेतले चार सड म्हणजे चार स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. दूध काढणारे हात तेच, अंथरूण तेच, धार काढायची पद्धत तीच, म्हणून एका गोठ्यातल्या म्हशीही स्वतंत्र नसतात.

गोठ्यातले हे साम्य (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे सगळ्या म्हशी सारख्या) 0.1 धरले आणि प्रत्येक गोठ्यात 10 म्हशी असतील, तर काय-स्क्वेअरला या साम्यामुळे आलेला फुगवटा 1+(10−1)×0.1, म्हणजे 1.9. 4.8 ला त्याने भागले की 2.53 उरते, पी-मूल्य सुमारे 0.11. त्यातही औषध गोठागोठ्याने वाटले असेल, दोन गोठ्यांना दिले आणि दोघांना नाही, तर प्रयोगाचे एकक गोठा आहे. चार गोठे दोन-दोन असे 6 प्रकारे वाटता येतात. दुहेरी (फरक कोणत्याही बाजूचा असो, तो धरणारे) पी-मूल्य 2/6, म्हणजे 0.33 च्या खाली जाऊच शकत नाही. म्हशी कितीही वाढवल्या तरी नाही.

1986 पासून समूहांचा हिशोब धरणारी समीकरणे वापरात आहेत, पण मोजक्या गोठ्यांवर ती त्रुटी कमी दाखवतात. त्यापेक्षा प्रत्येक गोठ्यातल्या निम्म्या म्हशींना, चिठ्ठ्या टाकून, औषध द्यावे, दर गोठ्याचा वेगळा तक्ता मांडावा आणि 1959 च्या मॅन्टेल-हेन्झेल पद्धतीने ते एकत्र करावेत. तिथे धोका असा, की न बुडवलेल्या म्हशीचा जंतू धार काढणाऱ्याच्या हातून दुसरीकडे जातो आणि फरक कमी दिसतो. म्हणून औषधवाल्या म्हशींची धार आधी काढावी, आणि नोंदवहीत गोठा, बिल्ला, सड हे तीन रकाने वेगळे ठेवावेत.