सिम्युलेटरमध्ये एलईडी लुकलुकत का नाहीत?

दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि दोन एलईडी. अस्टेबल मल्टिव्हायब्रेटरचं, म्हणजे आपोआप आलटूनपालटून चालू-बंद होणारं हे सर्किट ब्रेडबोर्डवर (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) जुळवून पाच व्होल्ट दिले की एलईडी आळीपाळीने लुकलुकू लागतात. हेच सर्किट स्पाइस या सर्किटचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सिम्युलेटरमध्ये काढून रन केलं, तर बऱ्याचदा काहीच हलत नाही. दोन्ही ट्रान्झिस्टर चालू आणि आलेखात सरळ आडवी रेघ. मुलं पुन्हा पुन्हा वायरिंग तपासतात, पण चूक सापडत नाही, कारण चूक नसतेच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला सिम्युलेटर का वापरावा, असं कोणी विचारलं तर मी ही आडवी रेघ दाखवेन.

सिम्युलेटर प्रत्येक नोडला, म्हणजे तारा जुळतात त्या बिंदूला, किरचॉफचा नियम लावतो: जेवढा करंट आला तेवढा गेला पाहिजे. डायोड आणि ट्रान्झिस्टरचा आलेख सरळ नसतो, म्हणून तो आधी व्होल्टेजचा अंदाज धरतो, हिशेब जुळेपर्यंत तो सुधारत राहतो. सुरुवातीला सगळं स्थिरावलेलं असताना कुठे किती व्होल्टेज असेल ते काढतो आणि मग वेळ पुढे सरकवतो. आपल्या सर्किटचे दोन्ही अर्धे भाग शेवटच्या दशांशापर्यंत सारखे. त्यामुळे उत्तर येतं: दोघेही सारखेच चालू. ते बिघडवायला तिथे काहीच नसतं.

टेबलावर मात्र एकाच पाकिटातल्या दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टरांचा गेन, म्हणजे करंट किती पट वाढतो ते, वेगळा असतो. १० मायक्रोफॅरड छापलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर प्रत्यक्षात ९ किंवा ११ भरू शकतो. शिवाय सप्लाय शून्यापासून चढतो. एक बाजू किंचित आधी चालू होते, दुसरीला बंद पाडते आणि खेळ सुरू होतो. सिम्युलेटरमध्ये एका ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) सुरुवातीचं व्होल्टेज शून्य द्या, तिथेही लुकलुक सुरू होईल. एवढी एक ओळ लिहिणाऱ्या मुलाला हे सर्किट कशाच्या जोरावर चालतं ते कायमचं कळतं.

स्पाइसचा जन्म कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातला. वर्गातल्या एका प्रकल्पातून आधीचा प्रोग्रॅम निघाला, मग लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली स्पाइस घडवला आणि १९७३ मध्ये तो जगापुढे मांडला. चिपच्या आतलं सर्किट ब्रेडबोर्डवर मांडून तपासणं अवघड होतं, ही त्यामागची निकड. पेडरसन यांनी तो सर्वांना खुला ठेवला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी या शिक्षणासाठीच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा ई-सिम हा सिम्युलेटर त्याच वंशातल्या एनजीस्पाइसवर चालतो आणि तोही मोफत आहे.

पडद्यावर शिकलेल्यांचे हात कच्चे राहतात, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या २००५ च्या एका अभ्यासात मात्र बल्ब-बॅटरीच्या सिम्युलेशनवर शिकलेल्या मुलांनी पुढे खरं सर्किटही खऱ्या सामानावर शिकलेल्यांपेक्षा चांगलं जोडलं. तारांमधून सरकणारे इलेक्ट्रॉन त्यांना पडद्यावर दिसत होते, याचा वाटा मला मोठा वाटतो.

पण म्हणून काही ब्रेडबोर्ड कपाटात टाकायचा नाही. जर्नलमध्ये स्क्रीनशॉट चिकटवून प्रॅक्टिकल पूर्ण झालं म्हणणं, हे मुलांचं नुकसान आहे. त्यापेक्षा जर्नलमध्ये तीन रकाने आखायला लावा: हिशेबाने काय यावं, सिम्युलेटर काय म्हणतो, मीटर काय दाखवतो. मार्क द्यायचे ते फरकाच्या कारणाला. ९ व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडले, तर मधल्या बिंदूवर पहिल्या दोन रकान्यांत ४.५ व्होल्ट येतात. साधा डिजिटल मल्टिमीटर मात्र ४.२९ च्या आसपास दाखवतो, कारण त्याचा स्वतःचा सुमारे १० मेगाओहमचा रोध खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला जातो. तेवढाच रेझिस्टर सिम्युलेटरमध्येही जोडायला सांगा, तिथेही ४.२९ येतं.