आणलेल्या कळा

बारशाच्या दिवशी नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत गेली की आतल्या बोलण्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "कळा आपसूक आल्या, की आणल्या?" मग एकेकीचं सुरू होतं. कुणाचे दिवस वर गेले होते, म्हणून आदल्या रात्री जेल ठेवलं आणि सकाळी सलाईन लावली. कुणाचं पाणी कमी झालं होतं. कुणाला बीपीमुळे आठवा संपताच दाखल करून घेतलं. आणि एक जण हमखास म्हणते, "मला बारा तास कळा दिल्या आणि शेवटी सिझरच केलं."

"कळा दिल्या" या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. सुरूच न झालेल्या कळा सुरू करणं ही एक, आणि सुरू झालेल्या पण मंदावलेल्या कळा वाढवणं ही दुसरी. औषध बहुतेक वेळा तेच, बाटली तीच, त्यामुळे खाटेवरच्या बाईला फरक कळत नाही आणि सांगायला कुणी थांबतही नाही. हा घोळ पुढे अनेकदा भेटेल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

कळा आणण्याचा खटाटोप मात्र बाटलीपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडे तो एका वेलीच्या नावातच बसला आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी. नावाप्रमाणे कळ लावणारी. (भांडणं लावणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो, ती कळ वेगळी. पण दोन्हीकडे काम एकच: शांत असलेलं ढवळणं.) संस्कृतात हिला लांगली म्हणतात. वार अडकली तर लांगलीच्या मुळाचा कल्क बाळंतिणीच्या तळहातांना आणि तळपायांना लावावा, असं सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. लेप बाहेरून लावायचा यात शहाणपण होतं, कारण या कंदात कोल्चिसिन असतं आणि तो पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. लेपाने कळा खरोखर येत होत्या का, हा प्रश्न निराळा.

युरोपातल्या सुइणींचा भरवसा अरगटावर होता. आपल्या शेतकऱ्याला अरगट बाजरीच्या कणसावरचा चिकटा म्हणून माहीत आहे. त्याच कुळातली एक बुरशी तिकडे राय या धान्यावर येते आणि तिच्या काळ्या दाण्यांनी गर्भाशय आवळतं. 1808 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरांनी या चूर्णाची पत्रातून शिफारस केली. वेळ वाचतो, हा त्यांच्या मते मोठा गुण. पण अरगटाने आवळलेलं गर्भाशय लवकर सैल पडत नाही, आणि दोन कळांच्या मधल्या उसंतीतच बाळाला पुरेसा प्राणवायू मिळत असतो. मेलेली बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढलं, तेव्हा डेव्हिड होसॅक या न्यूयॉर्कच्याच डॉक्टरांनी 1820च्या दशकात लिहिलं की हे प्रसूतीचं नव्हे, मृत्यूचं चूर्ण आहे.

हत्याराने कळा सुरू करण्याला वैद्यकाची मान्यता मिळाली ती लंडनमध्ये, 1756 साली. तिथे मुडदुसामुळे कटीची हाडं आक्रसलेल्या बायका पुष्कळ होत्या. पूर्ण वाढलेलं बाळ बाहेर येऊच शकत नसे आणि आईला वाचवायला त्याचे तुकडे करावे लागत. मग दिवस भरण्याआधीच पाणमोट फोडून लहान बाळ बाहेर काढलं तर? शहरातले नामवंत डॉक्टर एकत्र बसले, हे नीतीला धरून आहे का आणि त्याचा फायदा होईल का यावर खल केला, आणि होकार दिला. ही हकीकत थॉमस डेन्मन या प्रसूतितज्ज्ञांनी लिहून ठेवली म्हणून आपल्याला माहीत आहे. ज्या बायकांसाठी हा खल झाला, त्यांचं म्हणणं लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

पुढची दीडशे वर्षं ओलांडून थेट 1906 मध्ये येऊ. लंडनमध्ये हेन्री डेल अरगटावरच काम करत होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय आवळतं, हे त्यांना दिसलं. 1909 मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम ब्लेअर-बेल यांनी तो अर्क बाळंतिणींना दिल्याचं प्रसिद्ध केलं आणि थोड्याच वर्षांत तो सगळीकडे पोचला. घोटाळा मात्रेचा होता. एकदा सुई टोचली की सगळं औषध एकदम अंगात जाणार, परत काढता येणार नाही. त्यात गर्भाशयं फाटली, बाळं गेली. 1948 मध्ये ब्रॅडफर्डच्या जी. डब्ल्यू. थिओबाल्ड यांनी हेच औषध खूप पातळ करून शिरेतून थेंबाथेंबाने द्यायची पद्धत मांडली. आज ज्याला आपण नुसतं "सलाईन लावली" म्हणतो ती हीच. थेंब वाढवता येतात, कमी करता येतात, आणि मुख्य म्हणजे बंद करता येतात. 1953 मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी त्या अर्कातलं कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचं संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं, 1955चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि जनावरांच्या ग्रंथींची गरजच संपली.

साधन हाताशी आलं तेव्हा कारणही तयार होतं. मार्च 1958 मध्ये ब्रिटनमध्ये एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांवर बाळांची पाहणी झाली. दिवस फार वर गेले की बाळ दगावण्याचा धोका वाढतो, हे तिच्यातून ठळक झालं. ही भीती खोटी नव्हती, आजही नाही. 1964 मध्ये फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बिशप यांनी गर्भाशयाचं तोंड किती मऊ आहे, किती उघडलंय, बाळाचं डोकं किती खाली आलंय याला गुण द्यायची पद्धत काढली. "अजून एकच बोट उघडलंय" या तपासणीतल्या वाक्याला त्यामुळे आकडा मिळाला. कार्डिफमध्ये थेंब आपोआप वाढवणारा पंप आला. आणि 1974 पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये दर पाच बाळंतपणांतली जवळपास दोन आणलेल्या कळांनी होऊ लागली.

इतक्या बायकांचे दिवस एकदम वर गेले किंवा बीपी वाढलं, हे पटण्यासारखं नव्हतं. बाळंतपण कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत बसवलं जातंय, अशी कुजबुज होतीच. रविवारी जन्म कमी होतात हे नंतर आकड्यांतही दिसलं.

बायकांचं म्हणणं कागदावर यायला सुरुवात झाली ती इथून. त्याला जमीन आधीच तयार होती. 1960 मध्ये सॅली विलिंग्टन यांनी वृत्तपत्रांना पत्र लिहून गरोदर बायकांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था हवी म्हटलं होतं आणि त्यातून एक संघटना उभी राहिली होती. 1974च्या शरदात वर्तमानपत्रांनी हा विषय उचलला, पाठोपाठ बीबीसीने कार्यक्रम केला. 1975 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ शीला किट्झिंगर यांनी गरोदर बायकांचे वर्ग घेणाऱ्या नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्टसाठी कळा आणल्या गेलेल्या मातांचे अनुभव गोळा करून अहवाल काढला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं वळण आहे. 1756 पासून डॉक्टर बोलत होते. खाटेवरची बाई पहिल्यांदा बोलली.

तिने सांगितलं त्यात दुखण्याचा भाग होताच. आपसूक कळा पायरी पायरीने चढतात, मध्ये श्वास घ्यायला उसंत देतात. सलाईनच्या कळा एकदम वरच्या पायरीवरून सुरू होतात आणि कळेवर कळ येते. हाताला नळी, पोटाला पट्टे, त्यामुळे उठून फिरायची सोय नाही. पण तक्रारीचा खरा रोख दुखण्यावर नव्हता. "का" हे सांगितलंच नाही, यावर होता. तपासणीला गेलं की पुढची तारीख हातात पडायची आणि कारण विचारणाऱ्या बाईकडे हट्टी म्हणून बघितलं जायचं. उलट ज्यांना कारण नीट सांगितलं होतं, ज्यांना पटलं होतं, त्यातल्या काही जणी समाधानी होत्या. तारीख ठरल्याने मोठ्या मुलाची सोय लावता आली, असंही त्यांनी सांगितलं.

डॉक्टरांचा आक्षेप असा, की वर्गांना जाणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या मध्यमवर्गीय बायका म्हणजे सगळ्या बायका नव्हेत. आक्षेप रास्तच होता. त्याला उत्तर अ‍ॅन कार्टराइट या समाजशास्त्रज्ञांच्या पाहणीने दिलं. त्यांनी 1975 मध्ये बाळंत झालेल्या, देशभरातून निवडलेल्या दोन हजारांहून जास्त मातांना प्रश्न विचारले. कळा आणलेल्यांपैकी बहुतेकींना पुढच्या खेपेला तसं नको होतं, आणि माहिती कमी मिळाल्याची तक्रार सर्व थरांतल्या बायकांची निघाली. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधलं प्रमाण बरंच उतरलं. अमेरिकेत 1978 मध्ये औषध प्रशासनाने वैद्यकीय कारण नसताना निव्वळ सोयीसाठी कळा आणायला ऑक्सिटोसिन वापरण्याची मान्यता काढून घेतली.

याच काळात डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये किरन ओ'ड्रिस्कॉल पहिलटकरणींच्या मंदावलेल्या कळा सलाईनने वाढवत होते. कळा आणणं नव्हे, वाढवणं. त्यांच्या पद्धतीत दोन गोष्टी होत्या: बाळंतपण बारा तासांच्या आत उरकेल अशी हमी, आणि पूर्ण वेळ प्रत्येक बाईजवळ बसलेली एक परिचारिका. जगभर नक्कल झाली ती सलाईनची.

आता जेल आणि गोळी. दोन्हींतलं औषध प्रोस्टाग्लँडिन या गटातलं. ते वापरून कळा आणण्याचं काम 1968 मध्ये प्रसिद्ध झालं ते लंडन-न्यूयॉर्कमधून नव्हे, युगांडातल्या कम्पालाहून. सुलतान करीम आणि त्यांचे सहकारी तिथे मकेरेरे विद्यापीठात होते. सलाईन गर्भाशय आवळते, पण बंद आणि कडक तोंडावर तिचा जोर चालत नाही. प्रोस्टाग्लँडिन तोंड मऊ करतं. त्यामुळे "आदल्या रात्री जेल, सकाळी सलाईन" हा क्रम आला. जेल महाग आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मुळात पोटातल्या अल्सरवरची, स्वस्त आणि बाहेर टिकणारी, पण दोनशे मायक्रोग्रॅमची. कळा आणायला पंचवीस पुरतात, म्हणून वॉर्डांत ब्लेडने तुकडे पाडले जात आणि दोन तुकडे सारखे कधीच होत नसत. 2000 मध्ये मूळ कंपनीने गरोदरपणात ही गोळी वापरू नका, असं डॉक्टरांना पत्राने कळवलं. तरी वापर थांबला नाही. भारतात पुढे पंचवीसची गोळीच मिळू लागली.

तिची एक महत्त्वाची परीक्षा नागपुरात झाली. डिसेंबर 2013 ते जून 2015 या काळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय इथे बीपी वाढलेल्या 602 गरोदर बायकांनी एका अभ्यासात भाग घेतला. निम्म्यांना दर दोन तासांनी पंचवीस मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने दिली. उरलेल्यांना फोलीचा फुगा, म्हणजे लघवीची नळी ज्या फुग्याने अडकवतात तोच, गर्भाशयाच्या तोंडात बसवला. चोवीस तासांत सिझरविना मोकळ्या झालेल्यांचं प्रमाण गोळीवाल्यांत 57 टक्के, फुगावाल्यांत 47. हा निकाल 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पैसे कमी आणि बीपी जास्त असलेल्या वॉर्डांसाठी हे उत्तर नागपूरच्या सरकारी खाटांवरून मिळालं, याचा आपल्याकडे फारसा गाजावाजा झाला नाही.

भारतातल्या बायकांचं म्हणणं ब्रिटनसारखंच असेल, असं धरून चालणं मात्र चूक. सेसिलिया व्हॅन हॉलन या मानववंशशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात तामिळनाडूत अभ्यास केला. चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतल्या अनेक जणी कळांचं औषध स्वतः मागत होत्या. कळ म्हणजे शक्ती, आणि कळ वाढली की शक्ती वाढते, अशी त्यांची समजूत. दुखणं कमी करणारं औषध मात्र त्यांना मिळत नव्हतं. उत्तर प्रदेशात बिजनौर भागात घरच्या बाळंतपणात गावातला बिनपदवीचा डॉक्टर बोलावून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून घेतलं जाई, तेही थेट स्नायूत. 1909 नंतर इंग्लंडने जी चूक भोगली, तीच शतकानंतर इथे. जास्त दूध काढण्यासाठी दुभत्या जनावरांना हेच इंजेक्शन देतात, या कारणाने 2018 मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही हेच औषध लागतं, त्यामुळे प्रकरण न्यायालयात गेलं आणि 14 डिसेंबर 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

दरम्यान बाळंतपण घरातून दवाखान्यात आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये देशात 38.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 मध्ये 88.6 टक्के.

आणि "कळा आणल्या की सिझर ठरलेलं" या बारशातल्या वाक्याचं काय? 2018 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. धोका नसलेल्या 6,106 पहिलटकरणींपैकी ज्यांच्या कळा एकोणचाळीस आठवडे भरताच आणल्या, त्यांच्यात सिझर 18.6 टक्के, ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्यात 22.2. म्हणजे समजुतीच्या उलट. पण त्या अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. पात्र असलेल्या बावीस हजारांवर बायकांना विचारलं होतं, होकार दिला सहा हजारांनी. अर्थात तिथे नाही म्हणायची सोय होती.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये कळा आणण्याविषयी ज्या सूचना दिल्या, त्यांत एक अशी आहे: ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल चालू असलेल्या बाईला क्षणभरही एकटं सोडू नये. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला एक नर्स आणि सहा खाटा असतात तेव्हा ही सूचना कशी पाळायची, ते त्या नर्सला विचारावं. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांतल्या प्रसूतिगृहात बाळंतिणीसोबत एका बाईला बसू द्यायला परवानगी दिली. सोबतीण कशी असावी तेही लिहिलं: जिने स्वतः कळा सोसल्या आहेत अशी.