जुन्या इंग्रजीतले शेतीचे शब्द

सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी आपल्याकडे विचारताना "किती एकर?" असंच विचारतात. हा एकर इंग्रजीतल्या सगळ्यात जुन्या शेतीच्या शब्दांपैकी एक. साधारण पाचव्या ते अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये जी भाषा बोलायचे तिला जुनी इंग्रजी म्हणतात, आज चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही. त्या भाषेत 'अ‍ॅकर' म्हणजे नुसतं शेत, नांगराखालची जमीन. माप हा अर्थ मागून चिकटला, बैलांचं औत एका दिवसात जेवढं नांगरेल तेवढी जमीन. लॅटिन 'आगेर', ग्रीक 'आग्रोस' आणि संस्कृत 'अज्र' ही याच शब्दाची सख्खी भावंडं.

एका दिवसात एक एकर हा हिशोब कागदावरचा नव्हता. इ.स. १००० च्या आसपास अ‍ॅल्फ्रिक नावाच्या ख्रिस्ती साधूने मठातल्या मुलांना लॅटिन शिकवायला एक संवाद लिहिला, त्यात गुरुजी एकेकाला त्याचं काम विचारतात. नांगऱ्या सांगतो की उजाडताच बैल हाकत शेतावर जावं लागतं, कितीही कडाक्याची थंडी असो, मालकाचा धाक असा की घरी दडून बसायची सोय नाही, आणि जू जोडून फाळ बसवला की रोज पुरा एकर किंवा त्याहून जास्त नांगरायचाच. सोबत एक पोरगा असतो, पराणीने बैल हाकणारा, थंडीने आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला. आणि एवढे कष्ट का, तर मी स्वतंत्र नाही म्हणून, असं नांगऱ्या शेवटी म्हणतो. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पोराचा बसलेला घसा मला एकर या शब्दात अजून ऐकू येतो.

या संवादाच्या ओळींवर जुन्या इंग्रजीत शब्दार्थ लिहिलेले सापडतात, त्यात नांगऱ्याला 'यर्थलिंग' म्हटलंय. नांगरणे याला 'एरियन' हे क्रियापद होतं, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येसुद्धा नांगरटीला 'इअरिंग' म्हटलंय, कानाशी त्याचा काहीएक संबंध नाही. नांगराला शब्द होता 'सुल्ह'. आजचा 'प्लाउ' उशिरा आला, बहुधा व्हायकिंग लोकांच्या भाषेतून.

आता फर्लांग. आपल्या आजोबांच्या पिढीला हा शब्द रस्त्याच्या अंतरासाठी माहीत होता, मैलाचा आठवा भाग, २२० यार्ड. मुळात तो 'फुर्ह' आणि 'लांग' यांचा जोडशब्द, म्हणजे तासाची लांबी, आणि इथे तास म्हणजे घड्याळाचा नाही, नांगराचा. आठ बैलांचा जड नांगर वळवणं हे मोठं जिकिरीचं काम, त्यामुळे जितकं सरळ जाता येईल तितकं जायचं आणि मगच वळायचं, म्हणून तिकडची शेतं चौकोनी नसून लांबच लांब पट्ट्यांची असायची. नांगर जिथे वळवायचा त्या टोकाच्या जागेला 'हेडलँड' म्हणायचे. दोन पट्ट्यांमधल्या न नांगरलेल्या जागेला 'बाल्क', म्हणजे साधारण आपला बांध. कोपऱ्यात उरलेल्या तिकोनी तुकड्याला 'गोर', कारण 'गार' म्हणजे भाला आणि तुकड्याचा आकार भाल्याच्या पात्यासारखा. लंडनमधल्या केन्सिंग्टन गोर या रस्त्याच्या नावात तोच गोर आहे.

ठरलेल्या एकराची लांबी एक फर्लांग म्हणजे ६६० फूट आणि रुंदी ६६ फूट, गुणाकार ४३,५६० चौरस फूट. त्याआधीचं माप 'रॉड', म्हणजे सरळ काठीच, साडेसोळा फुटांची, आणि एकर म्हणजे ४० काठ्या लांब, ४ काठ्या रुंद. शिवकाळात आपल्याकडेही जमीन काठीनेच मोजायचे. आणि आपला गुंठा बघा, ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोबर दोन इंग्रजी काठ्यांचा चौरस, म्हणूनच ४० गुंठ्यांचा एकर कुठेही अपूर्णांक न येता बसतो. आपल्याकडच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि १६ आण्यांची, म्हणजे १६ भागांची, असायची, तिचं नातं या हिशोबाशी आहे.

मोठ्या जमिनीला 'हाइड' म्हणायचे, एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी, बऱ्याच ठिकाणी १२० एकर धरलेली, आणि १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनीच्या पाहणीत, म्हणजे 'डूम्सडे बुक'मध्ये, पानोपानी हाइड मोजलेले आहेत. उत्तरेत 'ऑक्सगँग' होता, आठ बैलांच्या औतातल्या एका बैलाच्या वाट्याची जमीन, साधारण १५ एकर.

नात्यातले शब्द अजून आहेत. इंग्रजी 'योक' आणि मराठी 'जू' एकच, संस्कृत 'युग' मधून आपल्याकडे जू झालं, तिकडे 'गेओक' चं योक. गाडीचा आस आणि 'अ‍ॅक्सल' यांचंही मूळ एक, संस्कृतात 'अक्ष'. गाय आणि 'काउ' ही जोडी तर आहेच. हे आपण त्यांच्याकडून घेतलेले नाहीत की त्यांनी आपल्याकडून, दोन्हीकडे एकाच जुन्या घरातून आलेत.

गंमत म्हणजे 'फार्म' हा शब्द या घरातला नाही. तो फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन 'फिर्मा', ठरलेली रक्कम, म्हणजे 'फार्मर' आधी मक्तेदार होता, शेतकरी नंतर झाला. उलट 'बार्न' अस्सल जुना, 'बेरे' म्हणजे जव आणि 'अ‍ॅर्न' म्हणजे घर, जवाचं घर. 'हार्वेस्ट' म्हणजे आधी कापणी नाही, तो ऋतूच होता, शरद, 'ऑटम' आल्यावर त्याच्याकडे फक्त सुगी उरली. 'आफ्टरमाथ' आपण बातम्यांत वाचतो, दुर्घटनेनंतरची परिस्थिती वगैरे, पण त्यातला 'माथ' म्हणजे गवताची कापणी, एकदा कापून झाल्यावर पुन्हा जे गवत वाढतं ते आफ्टरमाथ. महिन्यांचंही तसंच. बीड या साधूने ७२५ साली लिहून ठेवलंय की मे ला 'थ्रिमिल्की' म्हणायचे कारण त्या महिन्यात गाई दिवसातून तीनदा दूध द्यायच्या, आणि ऑगस्ट होता 'वेओदमोनाथ', तणाचा महिना. खुरपणी केलेल्या कुणालाही हे नाव लगेच पटेल.

हे सगळं जमिनीवर बघायचं असेल तर नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावात पट्ट्यांची शेती अजून चालू आहे. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गावातले १२ शेतकरी पंच म्हणून गव्हाच्या शेतात फिरतात, पट्ट्यांच्या हद्दीचे खुंटे तपासून पुन्हा ठोकतात, आणि कुणी नांगर पुढे नेऊन सामायिक गवताळ जागा कोरली असेल, आपण बांध कोरणं म्हणतो ना तेच, तर त्याला दंड बसतो.