‘ऊन लागनं’ : उघड्या अंगावरच्या चट्ट्यांची पार्श्वभूमी

वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास खेळत असतो. अशा मुलखात हाताच्या पाठीवर किंवा मानेवर काळपट-लाल चट्टा उठला की रुग्ण दवाखान्यात शिरतानाच निदान सांगून टाकतो : ‘ऊन लागनं.’ बहुतेकदा ते खरंही असतं. घोटाळा होतो तो उरलेल्यांचा. उन्हाचा वेश घेऊन येणारे आजार आणखीही आहेत, आणि त्यातल्या एकाचं मूळ सापडायला तर दोनशे वर्षं गेली.

तो आजार पेलाग्रा. 1735 मध्ये स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याला मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो दिसला. हातापायांच्या उघड्या भागावर रेघ मारल्यासारखे ठळक कडांचे चट्टे आणि गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा. वैद्यकात आजही त्याला ‘कासालचा हार’च म्हणतात. सोबत हगवण लागते, पुढे डोकं भ्रमतं. पण कारण? कुणी सडका मका म्हणालं, कुणी संसर्ग. अमेरिकेत डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1915 मध्ये तुरुंगातल्या कैद्यांना निकस आहार देऊन हा आजार घडवून दाखवला. (आजच्या नीतीत ते बसणार नाही.) तरी हा संसर्ग नव्हे हे लोक मानेनात, तेव्हा त्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि त्यांच्या खपल्या-विष्ठा पिठात कालवून गिळल्या. आजार झाला नाही. कमी पडणारा घटक नायासिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व, हे 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी दाखवलं.

आपल्याकडे मका नव्हे, ज्वारी आड आली. 1960 मध्ये हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या आहार-संशोधकांनी निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्यांतल्या पेलाग्राकडे लक्ष वेधलं आणि ज्वारीतल्या ल्युसिन या प्रथिनातल्या घटकाच्या आधिक्याला दोष दिला. या मतावर पुढे बराच वाद झाला. मला मात्र दरवेळी आपली कळण्याची भाकरी आठवते. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळायची ही रीत कुणी जीवनसत्त्वं मोजून पाडली नव्हती. पण उडदाचं प्रथिन पोटात गेलं की त्यातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर थोडंफार नायासिन स्वतःच बनवतं. ‘जेवणात काय असतं?’ हा प्रश्न म्हणूनच त्वचेच्या डॉक्टरनं विचारायचा असतो. त्यात दारूचाही हिशेब आला, कारण आज भेटणारा पेलाग्राचा रुग्ण बऱ्याचदा जेवण सोडून दारूवर राहिलेला असतो.

दुसरा वेशधारी मुळात इथला नव्हेच. अमेरिका खंडातलं गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात नजरेस आलं आणि दोनेक दशकांत बांधाबांधावर पसरलं. त्याच्या अंगावरच्या बारीक लवेत पार्थेनिन हे ॲलर्जी आणणारं द्रव्य असतं. वाळलेला चुरा वाऱ्यानं उडून अंगावर बसतो आणि ज्याला त्याची ॲलर्जी जडली त्याचा चेहरा, मान, कोपराच्या खाचा पेटतात. खाज अशी की झोप लागत नाही. उन्हात गेलं की वाढतं, म्हणून दोष पुन्हा उन्हालाच. फरक हनुवटी वर करायला लावली की कळतो. पापण्या, कानामागची खाच, हनुवटीखालची सावली इथं ऊन फारसं पोचत नाही, धूळ मात्र पोचते. खात्री करायला पाठीवर संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघायचं. ही पॅच टेस्ट योझेफ याडासोन यांनी 1895 मध्ये मांडली.

हा त्रास वर्षानुवर्षं राहिला की चेहऱ्याची कातडी जाड, वळ्यावळ्यांची होते, आणि गावात कुजबुज सुरू होते : महारोग. हान्सेन यांनी 1873 मध्ये नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू दाखवला, तरी निदानाची पहिली पायरी अजून बोटांतच आहे. कुष्ठाचा चट्टा सहसा खाजत नाही, त्यावर स्पर्श कळत नाही, आणि कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली तर कधी दोरीसारखी जाड लागते. गाजर गवताचा रुग्ण तर समोर बसूनही खाजवत असतो.

या सगळ्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडची ट्यूब चोपडलेली असली, तर मूळ चित्र पुसलेलंच समजायचं.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर क्षयाच्या गोळ्या घेणारा माणूस हाताचे चट्टे दाखवून म्हणतो, ‘गोळ्या गरम पडल्या.’ हे हसण्यावारी नेऊ नये. त्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड बी-6 जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं आणि ट्रिप्टोफॅनचं नायासिन व्हायला बी-6 लागतं. आधीच खाणं तोटकं असेल तर पेलाग्रा उमटतो. म्हणजे गोळ्यांना लावलेला दोष निम्मा बरोबर. अशा वेळी त्यानं क्षयाच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नसतात. डॉक्टर बी-6 आणि नायासिनची भर घालतात, आणि चट्टे काही दिवसांत उतरू लागतात.