आधी घड्याळाला चावी द्या

29 डिसेंबर 1972 ची रात्र. न्यूयॉर्कहून मायामीला उतरायला आलेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानात पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. आता चाक अडकलंय की नुसता दिवाच गेलाय? विमान चार महिन्यांचं, म्हणजे कोरं करकरीत. कॅप्टनच्या गाठीशी 29 हजारांहून जास्त तास. त्यांनी विमान 2000 फुटांवर ऑटोपायलटच्या हवाली केलं आणि सगळे त्या दिव्यामागे लागले. दिव्याचं झाकण उलटं बसलं, अडकलं, निघेना. फ्लाइट इंजिनिअर चाक डोळ्यांनी बघायला खालच्या कप्प्यात उतरला. या झटापटीत कुणाचा तरी धक्का विमान चालवायच्या दांड्याला लागला असावा, कारण ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलं आणि विमान हळूहळू खाली सरकू लागलं. इतकं हळू की शरीराला पत्ताच लागू नये. खाली एव्हरग्लेड्सची दलदल, एकही दिवा नाही. अडीचशे फूट उतरल्यावर सूचनेची घंटा वाजली. ती वाजत होती इंजिनिअरच्या जागेपाशी, आणि इंजिनिअर खाली होता. नियंत्रकाला पडद्यावर 900 फूट दिसले, तेव्हा त्याने विचारलं, तिकडे कसं काय चाललंय? उंचीचं नाव त्यानेही काढलं नाही. शेवटच्या काही सेकंदांत सहवैमानिकाने विचारलं, ‘आपण अजून दोन हजारांवरच आहोत ना?’

176 पैकी 101 जण गेले. चाक खाली आलेलंच होतं. गेले होते ते फक्त दिवे.

वैमानिकांच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात ते वाक्य याच प्रसंगासाठी बनल्यासारखं वाटतं: ‘एव्हिएट, नॅव्हिगेट, कम्युनिकेट’. आधी उडव, मग वाट धर, मग बोल. ऐकायला बाळबोध. उडवणार नाही तर काय करणार? पण यात शहाणपण शब्दांत नाही, क्रमात आहे. माणूस एका वेळी डोक्यात चारेक गोष्टी नीट धरू शकतो, आणि घाबरला की तेवढ्याही राहत नाहीत. लक्ष बोगद्यासारखं होतं. समोरचा दिवा दिसतो, बाकी सगळं विझतं. तेव्हा शंभर पानी नियमावली आठवत नाही, तीन शब्द आठवतात. कढईतल्या तेलाने पेट घेतला की आमची आजी ‘आधी गॅस बंद!’ एवढंच ओरडायची. बाकीची व्याख्यानं मागाहून.

15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्यात सापडून एअरबसच्या दोन्ही इंजिनांचा जोर गेला, तेव्हा हा क्रम जवळून पाहायला मिळतो. विमान सहवैमानिकाच्या हातात होतं. कॅप्टन सलेनबर्गर म्हणाले, ‘माझं विमान.’ सहवैमानिकाने उत्तर दिलं, ‘तुमचं विमान.’ दोन्ही बाजूंनी उच्चारणं सक्तीचं, म्हणजे दांडा दोघांच्या हातात किंवा कुणाच्याच हातात नाही असं होत नाही. नियंत्रक एकामागून एक धावपट्ट्या सुचवत होता आणि इकडून ‘नाही जमणार’ एवढंच जात होतं. बोलणं शेवटच्या नंबरावर, ते असं. साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर टेकलं आणि 155 च्या 155 माणसं वाचली.

वैमानिकांच्या काही म्हणींमागे सरळ भौतिकशास्त्र आहे. ‘मागे राहिलेली धावपट्टी, डोक्यावरची उंची आणि टँकरमधलं इंधन, तिन्ही बिनकामाची.’ उंची म्हणजे साठवलेली ऊर्जा, आणीबाणीत मोडायची ठेव. इंजिनं बंद पडलेलं मोठं प्रवासी विमानही एक किलोमीटर उंची खर्चून साधारण बारा ते सतरा किलोमीटर तरंगत जातं. 23 जुलै 1983 ला एअर कॅनडाच्या बोइंग 767 ची दोन्ही इंजिनं वाटेत बंद पडली, कारण इंधन मोजताना किलोच्या जागी पौंडाचा आकडा वापरला गेला होता. विमान 41 हजार फुटांवर होतं, म्हणून गिमली गावच्या जुन्या हवाई तळापर्यंत तरंगत पोचलं. टँकरची चूक उंचीने निस्तरली. कॅप्टनला ग्लायडर चालवण्याचा नाद होता, हेही नशीबच.

पण सगळ्याच म्हणी इतक्या सरळ नाहीत. ‘अंगावर नको, काट्यांवर विश्वास ठेव’ हीच घ्या. अंग म्हणजे शरीराला जाणवतं ते, काटे म्हणजे समोरची मोजमापाची यंत्रं. आपल्या कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातला द्रव हलला की आपण वळतोय हे कळतं. वळण एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग विमान सरळ केलं की उलट्या बाजूला कललोय असं वाटतं. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात काट्यांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत.

मात्र काटाच खोटं बोलला तर? 1 जानेवारी 1978 ला संध्याकाळी एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 विमान मुंबईहून दुबईला निघालं. समुद्रावर येताच उजवीकडे वळलं, सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचा कल दाखवणारा काटा उजवीकडेच अडकून राहिला. बाहेर अंधारा समुद्र, क्षितिज नाही. त्यांनी शिकवल्याप्रमाणे काट्यावर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे कलवत नेलं. सहवैमानिकाचा काटा बरोबर होता, मधला राखीवही बरोबर होता. ‘त्यावर जाऊ नका’ असं फ्लाइट इंजिनिअर म्हणालाही, पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती. वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर 213 जण बुडाले.

मला वाटतं, ती म्हण अपुरी होती. ‘काट्यांवर विश्वास’ यातलं अनेकवचन फार महत्त्वाचं आहे. एक काटा म्हणजे साक्षीदार, निकाल नव्हे. तीन काटे असतील तर दोघांचं जुळतं का बघायचं आणि तिसऱ्याला बाजूला सारायचं. पण भेदरलेल्या डोक्याला हे सुचायचं तर त्याचंही दोन शब्दांचं काहीतरी आधीपासून तोंडात बसलेलं हवं. ‘क्रॉस चेक’ हा कॉकपिटमधला शब्द ऐकताना मला नेहमी वांद्र्याचा तो समुद्र आठवतो.

आणि एक म्हण, जी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चेष्टाच वाटली: ‘संकट आलं की आधी घड्याळाला चावी द्या.’ जुन्या विमानांत चावीचं घड्याळ असे. त्याला चावी दिल्याने विमानाचं काहीच भलं होत नाही, पण वाईटही होत नाही. हाताला काम मिळतं, आणि तो हात घाईत चालू इंजिनाचं बटण बंद करत नाही. आता कॉकपिटमध्ये चावी द्यायला घड्याळच उरलेलं नाही. म्हणून काही प्रशिक्षक शिकाऊ मुलांना सांगतात, हात मांड्यांखाली घालून बसा.